पाखरीले गोळी

— नाई नाई, बंदूक राहू दे भिंतीले टेकून, सहदेवा, अन् बस पयले. भगवानरावानं धाडलं तुले, समजलं मले. त्याच्या दयारामचा गळा माह्या कुत्रीनं फाडला, पोरगं खामगावच्या रस्त्यातच गेलं, तवा आता कुत्रीले गोळी. बापाचं काळीज हाये, बोलनारच. पन मारायच्या आंधी पाह्य तरी, कोनाले मारून राह्यला! हे उकिरड्यावरचं कुत्रं नोय बे — कारवानी हाये! माहा आजा सांगे, पठाणांच्या तांड्यासंगं आली हे जात, घोड्याच्या बरोबरीनं धावत. महाराष्ट्र झाला ना, त्या सालची हे पाखरी. तोंड पाह्य कसं लांबोळं, पोट पाह्य — हाय का कुठी चरबी? अन् मिजास अशी, की मालकाबिगर कोनाचा हात अंगाले लागू देत नाई. काय म्हनतं, मांजर बी तशीच असते? ह्या! मांजर जो दूध देईन त्याची. हे उपाशी मरन, पन परक्याच्या हातचं खानार नाई.

अन् नाकानं शोधत नाई, ध्यानात ठेव — डोळ्यानं. जे पळताना दिसलं ते धरलं. वरवटच्या नाल्यात सुळ्याचं डुक्कर पाडलं हिनं — एक झडप, एक हिसडा, मानंचा मणकाच मोडला — पन त्यानं बी हिची कूस उघडी केली. बरगड्या दिसत होत्या, सहदेवा! म्या दाभनानं शिवली, अन् ते गुमान पडून राह्यली. मंग अशी कुत्री मानसावर काऊन गेली? तेच तं सांगून राह्यलो — चुकली. ज्वारीत हाका चालला होता, लोकं बोंबलत होते, डुक्कर निघालं, दयाराम पळाला, अन् माह्या हातातून हिच्या गळ्याची वादी सुटली. घाम होता हाताले. बस, इतकंच.

काय? कोन म्हनते? पिल्लाचा डूख धरला म्हनते गाव? अबे, हट! कुत्रं डूख धरत नसते! त्या पिल्लाचं दूध तुटलं, म्या ते दयारामले देल्लं, तवाच ते इसरली त्याले. अन् पिल्लू मेलं तवा हे होती का तठी? म्या होतो. दोन पावसाळे उलटल्याबिगर कारवानीले डुकरावर सोडत नाई कोनी, शेंबड्या पोराले मालूम हाये — अन् ह्या दयारामनं दहा महिन्याचं लेकरू सोडलं! कायले? दोस्ताईले तमाशा दाखवाले. पोट फाटलं त्याचं. आतडे मातीत लोळत होते, म्या धोतरात गोळा केले, अन् तो हासत होता — 'तुही जात भेकड निघाली, उकंडराव, दुसरं दे.' भेकड! मंग बाजारात बी चार लोकाईत तेच म्हने! हे सारं पाखरीले काय मालूम? ते मुकं जनावर. तिले दयाराम कोन, भगवानराव कोन? डुक्कर डाव्या हाताले निघालं, दयाराम उजव्या हाताले पळत होता, अन् कारवानीचं असं हाये की ज्याच्याकडं तोंड वळवून सोडलं त्याच्यावरच जाते ते — तिनं तं डुकराकडंच ओढ घेतली होती, म्या मानंले धरून तिचं तोंड —

काऊन उठला? बस ना. असा काऊन पाहून राह्यला? म्या काय म्हनलो? काईच नाई म्हनलो. कुत्र्यायची गोष्ट सांगत होतो, जातीची. भगवानरावाले काय सांगशीन तू?

ऐक. ऐक, सहदेवा. ते पिसाळली होती. हाव. दोन-तीन रोजापासून लाळ गळून राह्यली होती, पानी पाह्यलं की मागं सरे. पिसाळलेल्या कुत्रीचा दोष मालकावर कोनी ठेवत नाई, हाय ना? मंग? घे ते बंदूक. आत्ताच मार, मानसं जमा होयाच्या आंधी. थांब — तुह्या हाताले नाई येनार ते. म्या धरतो. ये माय, पाखरे, ये. पाह्य, शेपूट हालवून राह्यली… तिले वाटते शिकारीले चाललो.

माह्याकडं नको पाहू बे. मार.