दिसलं का?

शिवांजली: एवढी एक रेघ ठिपक्यांतून बसते का बघते, आत्या. आलेच.

मथुराबाई: आगं, बापाचा दहावा हाय अन् तू जीपमधी लॅपटॉप घिऊन बसलीस! समदा गाव नदीवर खोळंबलाय. कावळा पिंडाला शिवंना.

शिवांजली: योगीराज काय म्हणाला?

मथुराबाई: तुझा भाऊ बोलून दमला. आईला सांभाळतो म्हणला, तुझं लगीन करतो म्हणला. म्याबी हात जोडले. कावळा झाडावरनं हलंना. बलभीमचा जीव तुझ्यातच अडकलाय बघ. फोनवर काय बोलायचा तुला?

शिवांजली: दर रविवारी एकच विचारायचे. ‘दिसलं का?’

मथुराबाई: काय दिसलं?

शिवांजली: माझं काम. प्रथिन चुंबकात ठेवायचं अन् त्याचा सिग्नल किती लवकर विझतो ते मोजायचं. ते मधीच, पापणी लवायच्या आत, दुसराच आकार घेतं अन् परत पहिल्यासारखं होतं. तो आकार दिसत न्हाय. सिग्नल जरा लवकर विझला, की त्यावरून ओळखायचं.

मथुराबाई: मग, दिसलं का?

शिवांजली: एका चुंबकावर मोजलेल्या ठिपक्यांतून रेघ बरोबर बसली. तात्या गेले त्याच दिवशी. पण दुसऱ्या, मोठ्या चुंबकावर जुळली तरच खरं. म्हणून फोन केला न्हाय. म्हटलं, रविवारी सांगू.

मथुराबाई: अन् आता?

शिवांजली: न्हाय जुळली. आत्ताच बघितलं.

मथुराबाई: जुळली म्हणून सांग की. त्याला आता कुठं कळतंय?

शिवांजली: कावळ्याला कळतंय अन् त्यांना न्हाय? लगेच ‘कशावरून?’ म्हणतील.

मथुराबाई: मग खरं सांग, पर ऊठ. डोळ्यांत टिपूस न्हाय तुझ्या. बाया काय बी बोलायल्यात.

शिवांजली: बोलू द्या. मला काहीच वाटत न्हाय, आत्या. भूक न्हाय, रडू न्हाय.

(दोघी उतार उतरून पिंडापाशी येतात.)

मथुराबाई: हं. हात जोड. बोल.

शिवांजली: तात्या, न्हाय दिसलं अजून. परत मोजते. रविवारी विचारा.

मथुराबाई: मागं ये... आणखी मागं. शिवला! शिवला गं बाई! आता तरी रड, पोरी.

शिवांजली: आत्या, आज वार कोणता?