दाराकडे तोंड करून बसणारी बाई

मी जन्मलें तिरुनागेश्वरमला, आमचे मूळचे लोक मराठे राजांबरोबर इकडे तमिळ मुलखात आले म्हणतात, कुठल्या गावचे ते विचाराल तर मला ठाऊक नाही, आमच्या अण्णांस पण ठाऊक नव्हतं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ एवढंच आम्हांस ठाऊक. तुम्ही पुण्याकडच्या, मघाशी मी गेलें, आलें, बसलें म्हणालें तेव्हां तुम्ही थोडं हसलांत, मी पाहिलं. हसा, काही नाही. अण्णा पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या देवळात माळा करायचे आणि आम्हां बहिणींस फुलं निवडायला बसवायचे, सांगायचे प्रत्येक फूल उलटून बघ, वरून चांगलं दिसतं आणि देठाशी किडा बसलेला असतो. शाळेत मी आठवीपर्यंत गेलें, पण खरं शिकलें ते हेच. उलटून बघायचं.

लग्न होऊन कुंभकोणमला आलें. यजमान वाचनालयात अटेंडर होते, सरकारी वाचनालय, काविळीनं दोन आठवड्यांत गेले. नोकरी मला दिली. तुम्हांस वाटेल काय मोठी नोकरी, पुस्तकं झटकायची, दारात बसायचं, आलेल्याची सही घ्यायची, पिशवी ठेवून घ्यायची, संध्याकाळी घंटा वाजवायची आणि लोखंडी शटर खाली ओढायचं. पण पहिल्याच वर्षी सहा पुस्तकं गेली आणि पहिलं नाव माझं आलं, नवी बाई आली आणि पुस्तकं गेली म्हणून. नंतर ती पुस्तकं एका वकिलाच्या घरी मिळाली, मला कोणी चूक झाली म्हटलं नाही. तेव्हांपासून मी आंत येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहात नव्हतें, हात पाहायचें. शर्टाच्या आंत काय आहे, लुंगीच्या निरीत काय आहे. अस्के लोक, लहानमोठे सगळे, मला चोर दिसायचे, काय सांगू तुम्हांला.

ती बाई आली तेव्हां आमचे ग्रंथपाल नवे होते, त्यांस आम्ही सार म्हणायचों, तंबाखू न खाणारे, थोडं बोलणारे. ती पस्तिशीची असेल, सुती साडी, पायांत रबरी चपला, आणि काखेत कापडाची मोठी पिशवी. मी म्हटलं पिशवी इथं ठेवा. ठेवणार नाही म्हणाली. मी म्हटलं मग आंत जायचं नाही. तर ती दारातच उभी, ना आंत ना बाहेर. तेवढ्या दोन वाक्यांत मला कळलं, हिचं तमिळ आमच्याकडचं नाही, समुद्रापलीकडचं आहे. आमच्या कानांस ते लगेच कळतं हो, ज्यांची स्वतःची बोली विंगड असते, दुसऱ्यांहून निराळी असते, त्यांस दुसऱ्याची पण कळते. त्या दिवसांत तिकडचे पुष्कळ लोक होड्यांतून येत होते, जाळपोळ झाली होती, गावंच्या गावं उठली होती. पण मला दया आली असं सांगितलं तर खोटं होईल. मला वाटलं, पिशवीत काहीतरी आहे.

सार बाहेर आले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले जाऊं दे. सही पण नको, पुढं बघू. मला किती राग आला. माझ्यावर सहा पुस्तकांचा ठपका आणि हिला नियम नाही.

ती रोज यायची, आडुतुरै गावी नातलगाकडे राहायची, तिथून बसनं यायची. कोपऱ्यातली खुर्ची भिंतीला लावायची, दाराकडे तोंड करून बसायची आणि पिशवी मांडीवर. मासिकं घ्यायची, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं घ्यायची. पान उलटायची आणि दाराकडे पाहायची. कोण वाचताना दाराकडे पाहातो? जो कोणाची वाट पाहातो तो. मी मनात म्हटलं, हिचा कोणी जोडीदार आहे, तो येईल आणि पिशवी बदलतील.

एक दिवस मला राहावलं नाही. ती जरा डोळे मिटून बसली होती, मी मागून, कपाटाच्या बाजूनं गेलें आणि पिशवीचा बंद ओढला. अहो, ती जी ओरडली. माणसाचा आवाज नव्हता तो. माझ्या मनगटास चावली, हा इथं वण आहे बघा, आणि टेबलाखाली गेली, डोक्यावर हात घेऊन. खाली फरशी ओली झाली. चाळीस माणसं पाहात होती. पिशवी पडली, तिच्यातून एक कोरडी साडी निघाली, बॅटरी, पोह्यांचं पुडकं, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकमध्ये दोऱ्यानं बांधलेले कागद. एवढंच. जो माणूस केव्हांही पळायला तयार असतो त्याची पिशवी.

सारांनी सगळ्यांस बाहेर काढलं. तिच्याजवळ गेले नाहीत, लांब जमिनीवर बसले आणि हळू सांगत राहिले, हे वाचनालय आहे, ते दार उघडं आहे, मागचं दार पण उघडं आहे, तुम्हांस हवं तेव्हां जा. अर्धा तास असं. मी भिंतीशी उभी, हात दुखतोय, आणि मनांत काय आलं सांगू? कागदांत काय आहे ते अजून पाहिलं नाही. इतकी मी वाईट.

ती गेल्यावर सार मला बोलले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, आजपासून कोणाच्या मागून जायचं नाही. समोरून जायचं, आणि काय करणार ते आधी सांगायचं, मग करायचं. मी म्हटलं सार, ती परत येणार नाही. म्हणाले, आली तर.

आठ दिवसांनी आली. मला पाहून थांबली. मी खुर्चीतून उठलें नाही, दोन्ही हात टेबलावर ठेवले, ती पाहील असे, आणि म्हटलं, मी चुकलें. तुमची पिशवी तुमच्याजवळ राहूं दे. जातांना तुम्हांस वाटलं तर तुमच्या हातानं उघडून दाखवा, नाही वाटलं तर नको. ती कोपऱ्यात आपल्या खुर्चीत जाऊन बसली. जातांना थांबली आणि उघडून दाखवली. रोज दाखवायची मग. कागदांचं पुडकं मात्र नाही.

हळूहळू मला तिच्या गोष्टी कळत गेल्या, ती सांगायची नाही, मी पाहायचें, पाहण्यात तर मी हुशार. घंटा वाजली कीं तिचा रंग उडायचा, म्हणून सारांनी घंटा बंद केली, मी टेबलाटेबलाशी जाऊन दहा मिनिटं राहिली म्हणून सांगायचें. शटरचा आवाज नको म्हणून ती गेल्यावर ओढायचें. आणि आमच्या रस्त्यानं प्रेतयात्रा जायच्या नदीकडे, ढोल आणि फटाके फोडत, इकडची रीतच ती. पहिल्यांदा तिला भिंतीशी चिकटलेली पाहिली. मग मी कान लावून बसायचें, ढोल वळणावर आला कीं आंत जाऊन समोर उभी राहून सांगायचें, प्रेत येतंय, फटाके वाजतील, पंधरा-वीस वाजतील आणि पुढं जातील. ती मान हलवायची, पदर मुठीत धरायची, आणि मोजायची. मी पण मोजायचें. मग एक म्हातारे रिटायर शिपाई होते, लष्करातले, ते मला एकदा हळूच म्हणाले, अम्मा, मला पण सांगत जा.

पण संशय गेला असं समजूं नका. स्वभाव तो, जातो कुठं?

मग तो मोठा नेता स्फोटात गेला, तुम्हांस ठाऊक आहे ते साल. एका रात्रीत तिकडचा प्रत्येक माणूस खुनी झाला. ज्यांनी त्यांस घर भाड्यानं दिलं होतं त्यांनी सामान रस्त्यावर ठेवलं. आमच्याकडे एक पोलीस आला, साध्या कपड्यांत, मला विचारलं तिकडचं कोण येतं इथं, काय वाचतात, किती वेळ बसतात. ती आंत बसली होती, वीस पावलांवर. माझ्या डोळ्यांपुढं ते दोऱ्यानं बांधलेलं पुडकं आलं. मला वाटलं, असेल हिच्यात काही. मी ओळखतें काय हिला? आणि त्याच वेळी वाटलं, यास मी बोट दाखवलं तर हा मागूनच जाणार. मी म्हटलं साहेब, मी लोकांस पुस्तक विचारतें, गाव विचारत नाही. सहीचं पुस्तक हे घ्या. त्यात तिची सही नव्हतीच. तो पानं चाळून गेला.

मग मी आंत गेलें, समोरून. म्हटलं, पोलीस आला होता, तुझ्या लोकांबद्दल विचारत होता, मी सांगितलं नाही. आता तू सांग, तू स्फोट करणाऱ्यांच्यातली आहेस कां? असं कोणी विचारतं का, पण मी विचारलं. तिनं पिशवी उघडली, ते पुडकं काढलं. मग दोरा सोडला, स्वतःच्या हातानं, आणि एक कार्ड पुढं ठेवलं. इंग्रजीत होतं, तिला पण येत नव्हतं आणि मला पण. सारांस बोलावलं. सारांनी वाचलं, पोलिसांकडे नोंद केल्याचं कार्ड होतं, पहिल्यापासून होतं, सगळं रीतसर. वर चार नावं, किनाऱ्यावर उतरल्यावर तिनं सांगितली तशी, नवरा, ती, दोन मुलं. तीन नावांवर मागाहून रेघ मारलेली. ती म्हणाली, अक्का, होडीत आम्ही चौघं चढलों होतों. एवढंच म्हणाली. चित्रांची पुस्तकं ती कां घ्यायची ते मग मला विचारावं लागलं नाही.

तिचं नाव सांगा म्हणता? नाही सांगणार. तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, पण हे छापल्यावर कोणाच्या हातात जाईल ते तुम्हांस ठाऊक आहे काय?

पुढं एक वर्ष गेलं असेल, ती एक कागद घेऊन आली. कोणी माणूस दारोदार फिरत होता, आडुतुरैला तिच्या नातलगाकडे पण आला, अस्क्यांनी सही करायची म्हणाला, रेशनसाठी आहे, उद्यां न्यायला येतो. चार जणींनी केली पण होती. मी म्हटलं रेशनचा कागद असा घरी चालत येतो काय? थांब. इतकी वर्षं जो स्वभाव मी चोरांवर खर्च केला तो त्या दिवशी कामास आला. सारांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तमिळमध्ये सांगितलं, यात लिहिलं आहे कीं मी आपल्या खुशीनं माझ्या देशात परत जाते. तिनं विचारलं, कुठल्या देशात, कोणाकडे? 

सही तिनं केली नाही. सार दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गेले, त्या चौघींस पण वाचून दाखवलं, त्यांतल्या दोघींनी आपले कागद परत मागून घेतले. उरलेल्या दोघी बहिणी खरंच जाणार होत्या, त्यांची आई तिकडे होती, त्या गेल्या. त्या माणसानं सारांस धमकी दिली कीं काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण नंतर कित्येक दिवस ते घरी जातांना रस्ता बदलून जायचे, मी पाहिलं.

ती आणखी तीन वर्षं आली. मग नातलगांबरोबर तिरुच्चीला गेली. जायच्या दिवशी मला काही दिलं नाही, रडली नाही, बाहेर पडतांना पाठ माझ्याकडे करून चालत गेली, वळून पाहिलं नाही. तुम्हांस वाटेल कशी बाई. मला कळलं. त्या दिवसापर्यंत माझ्याकडे पाठ करून ती कधीच गेली नव्हती.

आता मी रिटायर झालें, गुडघे गेले, सार पण बदलून गेले. कोणी म्हणालं ती शिवण शिकवते, मुलींचा वर्ग आहे, बरी आहे. खरं असेल, खोटं असेल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी जन्मात काही मानलं नाही. पण हे एवढं मी मानून घेतलंय, न पाहता, न विचारता. पेरुमाळ तिला सुखी ठेवो. घ्या, कॉफी घ्या.