मिथेनॉल घालायच्या आधी

टोनी : पीएच तीनच हाय, बाय. आकडा थांबेपर्यंत मी मीटरजवळ उभा होतो.

उर्मिला : मग दोन औषधांचा एकच डोंगर का उमटतोय कागदावर? रजेवरून आल्यापासून तेच बघतेय मी, टोनीदादा. आज गोळीतली दोन्ही औषधं वेगळी दिसली नाहीत, तर साहेब उद्यापासून मला पॅकिंगला बसवणारेत.

टोनी : मशीन रुसलाय. तुम्ही बाळंतपणाला गेल्या ना, म्हणून.

उर्मिला : रुसायला मशीन काय माझी लेक आहे? घराजवळ, जेसल पार्कातल्या शेजारणीकडे सोडली की तोंड फिरवते, एवढीशी असून! ते जाऊ दे. मशीनमध्ये सोडायचं द्रावण कसं केलंत, पहिल्यापासून सांगा.

टोनी : वहीत हाय तसाच. पाण्यात फॉस्फेट घातला, त्यात मिथेनॉल घातला, ढवळला. मंग मीटर बुडवला.

उर्मिला : थांबा. मीटर शेवटी?

टोनी : मंग? कालवण उतरवतानाच चाखतात ना? मीटर बोलला, पावणेचार. थेंब थेंब आम्ल टाकून बरोब्बर तीनवर आणला!

उर्मिला : अहो, हा मीटर पाण्यातल्या द्रावणांवर जुळवलेला. मिथेनॉलमध्ये तो आकडा वेगळाच दाखवतो. तीन आधी करायचा, मिथेनॉल नंतर. तुम्ही उगाच आम्ल वाढवलंत, म्हणून दोन्ही औषधं एकत्र येतायत.

टोनी : म्हंजे मीटर खोटा बोलतो?

उर्मिला : खोटं नाही हो. कालवणात नारळाचं दूध पडलं की मीठ जिभेला कमी लागतं ना?

टोनी : लागतो तर! आमची व्हेरा तिथंच फसते. आणखी मूठभर टाकते, मंग अख्खा उत्तन गाव रात्रभर पाणी पितो.

उर्मिला : तेच. मीठ कुठं गेलेलं नसतं, जीभ फसते. म्हणून आधी चाखायचं.

टोनी : पण हे वहीत कुठं हाय? वहीत लिवलाय, ‘पीएच तीन.’ बस्स.

उर्मिला : दाखवा बघू. अगं बाई... अक्षर माझंच.

टोनी : साहेबाला सांगा, टोनीनं केला. दोन शिव्या खाईन. बावीस वर्सं खातोय, पचतात.

उर्मिला : गप्प बसा. आधी बाटली धुवा.

(दोन तासांनी. कागदावर दोन डोंगर, मध्ये सपाट वाट. दारात पंढरीनाथसाहेब.)

पंढरीनाथ : निघाली वेगळी? उत्तम. गडबड कोणाची होती?

टोनी : माझी, सा—

उर्मिला : माझी, साहेब. पद्धत मी लिहिली. पीएच मिथेनॉलच्या आधी लावायचा, ही ओळच घातली नाही. रोज मीच करायचे ना, मला ठाऊक होतं.

पंढरीनाथ : बघा! मूल झालं की बायकांचं लक्ष घरी. मी म्हणतच होतो.

उर्मिला : पानावरची तारीख बघता का, साहेब? दोन वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं.

पंढरीनाथ : हं. मग तपासणाऱ्यानं काय तपासलं? ही सही कोणाची?

टोनी : तुमची हाय, साहेब.

पंढरीनाथ : माझी?

टोनी : शाई जरा पुसट झालीय. पण तुमचीच.

पंढरीनाथ : ...ओळ घाला आता. ‘मिथेनॉल घालण्यापूर्वी.’ खाली मी पुन्हा सही करतो.

उर्मिला : आणि पॅकिंग?

पंढरीनाथ : पॅकिंगला माणसं आहेत. मुलीचं नाव काय म्हणालात?

उर्मिला : म्हणाले नव्हते, साहेब. इथं कोणी विचारलंच नव्हतं. रुचिता.