एक जूनच्या दोन कस्तुराबाई

— नाही, ते बटण मी दाबणार नाही. तुम्ही पुण्याहून आलात, गंधारसर, घाटाअलीकडे तासभर अडकलात, चहा घ्या, पंखा हवा तर वाढवते — पण ‘सगळे वगळा’ मी दाबणार नाही. या दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर मला चौदा वर्षं झाली. उम्मेहानी मुलाणी अडून बसलीय, असं वर कळवायचं तर खुशाल कळवा.

काय म्हणालात — डुप्लिकेट? अहो, जुन्या सॉफ्टवेअरमधले पेशंट नव्यात घेताना एकच माणूस दोनदा येऊ नये, हे मलाही कळतं की. वराळ्याची सई आमच्याकडे दोनदा होती — माहेरच्या नावानं एक केसपेपर, सासरच्या नावानं दुसरा — रक्तगट एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे. तुमच्या प्रोग्रामनं तिला दोन बायका धरलं. ती मी जोडली. आणि जिथं खरंच दोन बायका होत्या, तिथं त्यानं एक केली. कशावरून? तर नाव, गाव, जन्मतारीख. तिन्ही सारखं म्हणजे माणूस तोच. मावळातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला जन्मतारीख विचारून बघा — एक जून. का? शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली, आणि ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांना कार्ड काढणाऱ्यानं तीच दिली. निम्मं कुरवंडे गाव एका दिवशी जन्मलंय.

हसू नका. त्या कुरवंड्यात कस्तुराबाई सखाराम पडवळ दोन आहेत. चुलत घरं, दोघींच्या नवऱ्यांचं नाव सखाराम, तारीख एक जून, सालही तेच. एकीला शुगर आहे. दुसरीला नाही, तिला नुसतं बीपी — ती पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकते. गेल्या वर्षी पहिल्यांदा डेटा घेतला तेव्हा तीनशे बारा नावं स्क्रीनवर आली — आधीच आहे, वगळू का? — आणि कुणीतरी ‘सगळे वगळा’ दाबलं. कणसंवालीची नोंद गेली, शुगरवालीची राहिली. जुना केसपेपर नंबर तुमच्या नव्या तक्त्यात घेतलाच नव्हता, मग वेगळं ओळखणार कशावरून? पुढच्या महिन्यात गोळ्या वाटायला गाडी गावात गेली. सिस्टरनं नाव पुकारलं, ही कणसंवाली पुढं झाली, आणि शुगरच्या गोळ्या हिच्या पदरात पडल्या. मागाहून खरी शुगरवाली आली, तर यादीत ‘दिल्या’ असं दिसलं — ती रिकाम्या हातानं घरी.

चौथ्या दिवशी ही शेगडीपाशीच कोसळली. अंगाला दरदरून घाम, जीभ जड. फिरायला आलेली माणसं म्हणाली, प्यायलीय — आणि बाजूनं निघून गेली. भिमाजी म्हणून गावातला रिक्षावाला, त्यानं उचलून इथं आणली. शुगर चाळीसच्याही खाली. सलाईन लावली, तीन दिवस ठेवली, वाचली. मी खाटेपाशी जाऊन विचारलं, मावशी, नव्या गोळ्या कशा घेतल्यात? तर म्हणाली, “आगं बाय, मला वाटलं डाक्टरनी गोळी बदलली. नाव तर माजंच पुकारलं हुतं.”

चौकशी झाली की. अहवालात आलं — पेशंटने उपाशीपोटी गोळी घेतली. पेशंटने. म्हणजे चूक तिची. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगते, माजंच चुकलं, आधी भाकर खायाची. बाकी सगळे सुटले — प्रोग्राम सुटला, दवाखाना सुटला, मी —

काय? हो. कुणीतरी म्हणजे मीच. मी दाबलं. खिडकीवर रांग होती, तीनशे बारा नावं एकेक करून कोण बघणार — एकदाच दाबलं आणि मोकळी झाले. चौकशीत विचारलं, नियमाप्रमाणे केलंत ना, मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते, नियम तसाच होता — पण खरंही नव्हतं. आजवर घरीसुद्धा बोलले नव्हते, तुमच्यापुढं कसं निघालं कोण जाणे. असू दे. लिहा. रिपोर्टात तेही लिहा.

आणि पुढचंही लिहा. जुने नंबर मी कपाटातल्या कागदांवरून एकेक करून परत चढवलेत. आधी तो नंबर जुळवायचा — नंबर तोच तर माणूस तोच, मग हीच फाईल दहादा घेतली तरी नवीन कुणी उगवत नाही. नुसतं नाव-गाव जुळलं तर वगळायचं नाही, बाजूला ठेवायचं आणि फोन करायचा. तीनशे बारांतले दोनशे एकोणपन्नास खरंच दोनदा आले होते — काढले, मीच काढले. बावन्न माणसं वेगळी निघाली. बावन्न, सर. अकरा राहिलीत, त्यांचे फोन लागत नाहीत, म्हणून उद्यापासून मी गावोगाव जाणार. कुरवंड्यात पोचले की आधी तिच्या दारात — मावशी, अहवालात तुमची म्हणून लिहिलेली चूक माझी होती, हे सांगायला. ती काय म्हणेल ते म्हणेल.

पुन्हा घ्यायचा डेटा ऑफिसला आजच पाहिजे? आज मिळणार नाही. माझ्या जागी दुसरी बसवा, ती दाबेल कदाचित. मी या खिडकीवर आहे तोवर नाही.

उठा आता. ती खुर्ची पेशंटसाठी आहे, आणि तुमच्यामागं माणसं उभी आहेत.