समईच्या वरची पांढरी डबी

सँडीफोर्डकडे जाणाऱ्या लुआस ट्रॅममध्ये माझ्या मागच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या.

"आई, दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा बॉयलरवाला तिसऱ्यांदा येऊन गेला."

"मग? रोज संध्याकाळी घर गार का पडतं म्हणाला?"

"प्रेशर बघितलं, रेडिएटरमधली हवा काढली. सगळं ग्रँड, म्हणजे एकदम ठीक आहे म्हणाला. जाता जाता पॅसेजमध्ये थांबला आणि विचारलं, हा दिवा रोज लावता का?"

"म्हणजे काय! दिवेलागणीला समई नको का लावायला?"

"तिच्या बरोबर वर भिंतीवर पांढरी डबी आहे ना, तो थर्मोस्टॅट. समईच्या धगीनं त्याला वाटतं, घर छान तापलंय. मग तो बॉयलरच बंद करतो."

"अगं बाई! म्हणजे महिनाभर मीच सगळ्यांना कुडकुडत ठेवलं?"

"त्यात काय एवढं? आजपासून समई किचनमध्ये ठेवू, झालं."

"ठेवू गं. पण मग आपली स्वरांगी?"

"तिचं काय?"

"खोली गार पडते म्हणून रोज आजीच्या गोधडीत येऊन बसते. शाळेतलं सगळं सांगते. इंग्लिशमधून सांगते, पण सांगते."

"मी विचारलं तरी नुसतं 'ग्रँड' म्हणते."

"आता जाईल परत खोलीत, दार लावून."

"आई, तुमचं विमान कधीचं आहे?"

"पंचवीस तारखेचं."

"मग तोवर राहू द्या समई तिथंच. तुमच्या आशिषला मी सांगते, बॉयलरवाल्याला अजून काही सापडलं नाही."