टाकीमागचं घरटं

सून : बाबा, पोत्यात हलतंय ते काय आहे?

सासरे : ससाण्याची मादी. जाळ्यात सापडली. तू खाली जा, कपडे नंतर वाळत घाल.

सून : जिवंत आहे?

सासरे : आहे, थोडा वेळ. मान पिरगळायची म्हणून बसलोय. तुझ्या सासूची पांढरी कबुतरी हिनं काल माझ्या डोळ्यांदेखत उचलली.

सून : आईंच्या तळहातावरून दाणे खायची, ती?

सासरे : तीच. खुराड्यात उरलीत ती सगळी नंतर आणलेली. तुझ्या सासूच्या हातचं खाल्लेलं आता कुणी राहिलं नाही.

सून : आम्ही आहोत ना, बाबा.

सासरे : हं.

सून : टाकीमागच्या झाडावर हिची पिल्लं आहेत. तीन. केव्हाची ओरडताहेत, ऐकू येत नाही तुम्हाला?

सासरे : येतंय. बहिरा नाही झालो अजून. नर आहे की, तो पोसेल.

सून : तो बघा, आलाय. उंदीर घरट्यात ठेवला आणि बाजूला झाला. मघाशी चिमणी आणली, तीही तशीच पडलीय.

सासरे : मग खात का नाहीत?

सून : फाडता येत नाही त्यांना. आई लहान लहान घास करून भरवते. बाप नुसता आणून ठेवतो.



सासरे : तुझी सासू दवाखान्यात होती तेव्हा मी रोज भाजी आणून ओट्यावर ठेवायचो. तिथंच सुकायची.

सून : माहीत आहे. मीच उचलायचे ती.

सासरे : गेल्या वर्षी गाड्या लावायला जागा हवी म्हणून ह्या ससाण्यांचं झाड पाडलं, घरट्यासकट. त्याआधी एक त्या नव्या इमारतीच्या काचेवर आपटून मेला. आणि आता मी.

सून : तुम्ही अजून काही केलेलं नाही, बाबा.

सासरे : तो टॉवेल दे. डोळे झाकले की गप्प राहील. पायात दोरा रुतलाय, तेवढा काप. नख्यांपासून हात लांब ठेव.

सून : रक्त येतंय.

सासरे : तिचं नाही, माझं आहे. तू काप.

सून : सुटला. बाबा, उद्या ही परत येईल.

सासरे : येणारच. कबुतरं महिनाभर छपराखाली कोंडू. चिडतील. चिडू देत. मागे हो जरा.

सून : सोडताय?

सासरे : सोडली. कुठं गेली? ऊन येतंय माझ्या डोळ्यांवर.

सून : झाडाकडे नाही गेली. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर बसलीय.

सासरे : आपण उभे आहोत म्हणून. खाली बस, टाकीच्या आड.

सून : तुमचा हात धुवायला हवा.

सासरे : धुऊ. आता बघ.

सून : उडाली. घरट्यावर उतरली. वाकलीय.

सासरे : भरवतेय?

सून : दोन गप्प झाली. तिसरं अजून ओरडतंय.

सासरे : त्याची पाळी यायची असेल.