डावा खांदा

हसू नकोस हं. या वर्षी सगळे कपडे घरीच शिवायचे असं मी ठरवलं, तर सासूबाईंनी माळ्यावरचं जुनं मशीन काढून दिलं. पहिला कुर्ता झकास जमला, पण डाव्या खांद्यावरून घसरायला लागला. उसवून परत शिवला, तरी तेच. मग घाटकोपरहून तयार कुर्ता आणला आणि नुसता कमरेत आत घेतला, खांद्याला हातसुद्धा लावला नाही. घातला, तर तोही डावीकडेच घसरला!

"आई, बघा ना, काय वाट लागलीय."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुर्ता बरोबर आहे गं. तुझाच खांदा उतरलाय."

"मशीनवर बसून असेल."

"हे मशीन माझ्या नणंदेचं. तिचा डावा खांदा जन्मापासून अस्सा होता. वारेपर्यंत याच मशीनवर शिवायची."

मी त्याच दिवशी मशीन माळ्यावर टाकायला लावलं. खांदा काही वर आला नाही. डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे.

काल त्या नणंदेची मुलगी वाकोल्याहून आली. दार उघडंच होतं, मी पाठमोरी ओट्याशी चहा टाकत होते. ती उंबऱ्यातच थबकली आणि हळूच म्हणाली, "आई?"